लांबच्या मैत्रिणीला इकडचं कळवताना या चुका टाळा

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या आसपास बघाल तर प्रत्येक वाड्यावरचं कोण ना कोण बाहेर आहे, कोण आखातात, कोण बोटीवर, कोण इंग्लंडात स्विंडनला, आणि इथे राहिलेल्यांची तक्रार एकच, "काय गो, हल्ली तिच्याशी बोलणंच होत नाही, आधीसारखं राहिलं नाही." मग मी म्हणते, तू शेवटचं काय लिहिलंस ते दाखव बघू. आणि दर वेळी त्याच चुका, अगदी त्याच. माझी शाळेपासूनची मैत्रीण २०११ साली टोरांटोजवळ गेली, आमचं लिहिणं अजून चालू आहे, मध्ये एकदा ते जवळजवळ तुटलं होतं, त्यामुळे हे सगळं मी अनुभवाने सांगते.

"निवांत बसून लिहीन"

सगळ्यात वाईट चूक ही. निवांत वेळ कधी येत नाही हो, आणि जेवढं थांबाल तेवढं सांगायचं साचत जातं, मग ते सगळं एकदम लिहायचं म्हणजे अजून जास्त वेळ हवा, म्हणून अजून थांबायचं. २०१८ च्या पावसात माझं असं सुरू झालं. सासूबाईंचं ऑपरेशन, मग मुलाची दहावी, मग नोकरी बदलली, आणि बघता बघता चौदा महिने मी तिला "हॅपी बर्थडे" सोडून काही लिहिलं नाही. शेवटी २०१९ च्या चवथीला दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो, पाहुणे गेले, गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती माटोळी रिकामी लटकत होती, आणि मी रात्री अकराला बसून तिला मेल लिहिली. पहिले दोन परिच्छेद नुसती माफी. मग ऑपरेशन, दहावीचे मार्क, विहिरीचा पंप, नवी नोकरी, शेजाऱ्यांचा वाटणीचा वाद, कुणाचं लग्न, कुणाचं मोडलेलं लग्न, सगळं. प्रिंट काढली असती तर सात-आठ पानं झाली असती. पाठवली तेव्हा दीड वाजून गेला होता आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

उत्तर नाही. दिवाळी गेली तरी नाही. मी मनातून खूप दुखावले, एवढं मन मोकळं केलं आणि हिला दोन ओळी लिहायला होत नाहीत? डिसेंबरात शेवटी मीच फोन केला तर ती म्हणाली, "मी ती मेल चार वेळा उघडली गो. दर वेळी वाटलं आधी सासूबाईंचं विचारू की नोकरीचं, आणि तू एवढं लिहिलंयस तर मीपण तेवढं लिहायला पाहिजे, म्हणून परत बंद केली."

म्हणजे मी माझं ओझं उतरवलं ते सगळं तिच्या डोक्यावर नेऊन ठेवलं होतं. तेव्हापासून माझी सवय अशी: रविवारी संध्याकाळी सात वाजता, दिवा लावून झाला की, वीस मिनिटं. एकच गोष्ट लिहायची. वीस मिनिटं झाली की जिथे असेन तिथे थांबायचं, उरलेलं पुढच्या रविवारी. आपले सात म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेनऊ, ती चहा घेऊन वाचते. (त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, म्हणून थंडीत साडेआठ. हे कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर कुणाला तरी झोपेतून उठवाल.) उशीर झालाच तर माफीचं एक वाक्य पुरे. दुसरं वाक्य तिला तुमचं सांत्वन करायला लावतं.

"हे तर तिला माहीतच असेल"

आपल्याला रोज दिसतं ते आपल्याला बातमी वाटत नाही, आणि लांबच्या माणसाच्या डोक्यात मात्र ती गेली त्या दिवशीचंच गाव असतं. याचा मला बसलेला फटका मी विसरणार नाही.

२०२३ च्या डिसेंबरात ती यायची होती, बरोबर दीड-दोन वर्षांचं लेकरू. मी म्हटलं विमानतळावर मी येते, तू टॅक्सी बघू नकोस. तिने मुंबईहून पुढचं विमान किती वाजताचं ते कळवलं, गोव्याला पोचायची वेळ कळवली, झालं. मी दुपारी दाबोळीला, नेव्हीच्या तळावरच्या जुन्या विमानतळावर, जाऊन उभी. विमानाची वेळ झाली, माणसं बाहेर आली, ही नाही. फोन लावला तर म्हणते, "मी बाहेरच उभी आहे." मी म्हटलं मीपण बाहेरच उभी आहे, तू कुठल्या बाजूला? पाच मिनिटं आमचं हेच. मग ती म्हणाली, "अगो इथे सगळं कोरं करकरीत आहे, सगळं बदललंय, नेव्हीचं काहीच दिसत नाही." आणि माझ्या पोटात गोळा आला.

ती मोपाला उतरली होती! मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ ला उघडला, जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली, म्हणजे आम्ही वर्षभर मोपा मोपा करत होतो, कोण कुठून स्वस्त, टॅक्सीचं काय, पेडण्याला जायला किती वेळ, घरात रोज तोच विषय. आणि त्या वर्षभरात मी तिला लिहिलेल्या एकाही मेसेजमध्ये मोपा हा शब्द नव्हता. मी नंतर मुद्दाम शोधून बघितलं. तिला गोव्यात दोन विमानतळ झालेत हेच ठाऊक नव्हतं, तिकिटावर दाबोळीच्या जीओआयच्या जागी मोपाचं जीओएक्स होतं ते तिने कशाला बघावं? दाबोळीहून मोपा म्हणजे साठेक किलोमीटर, जुवारी ओलांडा, मांडवी ओलांडा, म्हापसा पार करा, डिसेंबरची गर्दी, मी पोचेपर्यंत दोन तासांवर वेळ गेला. लेकरू रडून रडून तिच्या खांद्यावर झोपलं होतं आणि ती सुटकेसवर बसली होती. ती काही बोलली नाही, पण मला फार लागलं ते.

आता मी काय करते, महिन्यातून एकदा तिच्या नजरेने रस्त्यावरून जाते. म्हणजे ती २०११ साली जशी जायची तशी, फोंड्याहून पणजीला. काय नवीन, काय गेलं? मांडवीवर तिसरा पूल, अटल सेतू, तो २०१९ ला झाला, तिला सांगितलाच नव्हता. जुवारीचा नवा पूल, तोही सांगितला नव्हता. कला अकादमी चार वर्षं बंद राहून परत उघडली, आम्ही दोघी तिथे कॉलेजात असताना स्पर्धेची मराठी नाटकं बघायला जायचो, आणि तेही मी लिहिलं नव्हतं. अशा गोष्टीला दोन ओळी लागतात. आणि माणसांचंपण तसंच, "दिगू" लिहिलं तर कुठला दिगू ते लिहा, तिच्या डोक्यातला दिगू अजून चौथीत आहे.

छंद सांगताना यादी देणं

मी पंचेचाळिशीत पक्षी बघायला लागले. नवीन नवीन होतं तेव्हा कसं होतं, सगळ्यांना सांगावंसं वाटतं, तर मी बोंडल्याच्या अभयारण्यात जाऊन आले की ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या ॲपवर, टाकलेली लिस्टच तिला पाठवायचे, आज ४३ जाती, त्यातल्या सहा पहिल्यांदा. तिकडून अंगठा यायचा. पुढच्या वेळी परत अंगठा. मी समजले तिला आवड नाही.

मग २०२२ च्या मार्चमध्ये लिस्ट न पाठवता एवढंच लिहिलं, की बोंडल्याजवळ एका जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी बसलीय, तिने ढोलीचं तोंड आतून विष्ठेने लिंपून घेतलंय, बोटभर फट ठेवलीय तेवढीच. मी लांबून दुर्बिणीतून तासभर बघत होते. नर आला, फांदीवर बसला, इकडे तिकडे बघितलं, मग फटीशी लटकला आणि गळ्यातून एकेक फळ वर काढून आत देत गेला, मी सात मोजली, लाल, वाटाण्याएवढी. आतून चोचीचं टोक तेवढं दिसायचं. ती अशी कित्येक आठवडे आत राहते, पिसं झडतात, उडता येत नाही, सगळं त्याच्यावर.

तिची मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. बाहेर बर्फ, ही घरात. मला त्याचा विचारही आला नव्हता लिहिताना. दुसऱ्या दिवशी तिची एवढी मोठी मेल आली, की मी तीच आहे गो, त्या ढोलीतली, नवरा दार उघडून पिशव्या आत ठेवतो आणि जातो, आणि मी दोन महिन्यांत कुणाशी नीट बोलले नाही. हे तिने तिच्या आईलाही सांगितलं नव्हतं.

तेव्हा छंद कुठलाही असू दे, घुमट आरती असो (घुमट म्हणजे तोंडावर चामडं ताणलेलं मातीचं वाद्य), परसातली झाडं असो, आकडे आणि नावं ठेवा वहीत. तिला एक पक्षी द्या, नाहीतर एक फसलेलं कलम. घुमटाचं चामडं पावसात सैल पडतं आणि आरतीच्या आधी सगळे चुलीशी धरून बसतात, हे ज्याने कधी घुमट हातात घेतलं नाही त्यालाही दिसतं. ताल कुठला ते मागून सांगा.

बाकी चुका पटापट सांगते.

माटोळीचे साठ फोटो एकदम टाकू नका. एक टाका, आणि त्यात काय बघायचं ते लिहा, "उजवीकडचं कवंडळ बघ, ते काढायला आमचा मुलगा डोंगरावर गेला आणि शर्ट फाडून आला."

स्टेटस बघितला म्हणजे बोलणं झालं, हे डोक्यातून काढा. तो तुमच्या दूधवाल्यानेही बघितलाय.

स्कूटर चालवताना व्हॉइस मेसेज करू नका. अर्धा वारा, अर्धा हॉर्न, आणि धोका तो वेगळाच.

एकच मेसेज बनवून दहा जणांना कॉपी-पेस्ट करू नका. आणि हल्ली नवीन निघालंय, मोबाईललाच सांगायचं की मैत्रिणीला छानसं पत्र लिही. माझ्या भाचीने केलं तसं, वर मला कौतुकाने दाखवलं. वेळ नाही म्हणे. अगो मग "वेळ नाही, पण आज पोदेर (पाववाला) पावात एक उंडो (गोल पाव) जास्त देऊन गेला आणि तुझी आठवण आली" एवढं लिही ना, याला किती वेळ लागतो! ज्यांना चार दिवसांत मैत्री परत पहिल्यासारखी हवी असते त्यांना मी स्पष्ट सांगते, चार रविवार तरी काढा.

भाषा बदलू नका. आम्ही बोलतो कोकणीत आणि लिहितो मराठीत, कारण शाळेत अक्षर गिरवलं ते मराठीत, आणि ते तसंच बरं. मध्ये मी कीबोर्डचा कंटाळा करून इंग्लिशमध्ये लिहायला लागले तर माझं मलाच वाटलं मी ऑफिसात रजेचा अर्ज करतेय.

वाईट बातमी लपवू नका, "ती लांब आहे, उगाच काळजी करेल" म्हणून. तिची आई न्हाणीत पडली तेव्हा मावशीने मला शपथ घातली होती, सांगू नकोस. मी सांगितलं. मावशी आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही, तरी मी परत तसंच करीन. पण अशी बातमी मेसेजमध्ये मध्येच घुसवायची नाही, फोन करायचा, आणि पहिल्या वाक्यात सांगायचं की आता ती ठीक आहे.

"बाकी काय?" हा प्रश्न विचारू नका. त्याला "बाकी मजेत" हेच उत्तर येणार. माझी मैत्रीण विणकाम करते, तर मी विचारते, त्या हिरव्या स्वेटरचा गळा उसवला होतास तो परत घातलास का? त्यासाठी तिचं मागचं पत्र एकदा वाचावं लागतं, तेवढं वाचा.

आणि इतकं करून उत्तर येतच नसेल तर? रुसून बसू नका, "विसरलीस वाटतं" तर अजिबात लिहू नका. मी अशा वेळी एका शब्दात उत्तर देता येईल असं काहीतरी विचारते, जे फक्त तिलाच ठाऊक आहे. गेल्या श्रावणात ती दोन महिने गप्प होती. मी सकाळी खतखतं, म्हणजे आमची मिश्र भाजी, करताना लिहिलं, "तुझी आई तेफळं कधी घालायची, आधी की शेवटी?" तिकडे मध्यरात्र व्हायला आली होती, तरी तीन मिनिटांत उत्तर आलं, "शेवटी. नुसती ठेचून, वाटून नाही." आणि त्याच्या खाली, "जागी आहेस ना, फोन करू?"