पटकथेत घरवाली लिहिताना

आपल्या चित्रपटांत कोठ्यावरची घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, बहुतेक वेळा जल्लाद असते, नाहीतर देवी. दोन्ही टाळायचं असेल तर संवादाआधी तिचा हिशेब मांडा. मुली किती, आधियावर कोण, म्हणजे कुणाच्या कमाईतला निम्मा वाटा घरवालीकडे जातो, कर्ज कुणाच्या डोक्यावर, खोलीभाडं किती, हप्ता कुणाला. हा कागद पडद्यावर येणार नाही, पण तिची माया ज्या मुलींवर, तिचं पोटही त्याच मुलींवर चालतं, हे तुम्हाला त्याशिवाय उमगणार नाही.

पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानाने एक मिनिट. पहिल्या १० पानांत तिला पैसे मोजून घेताना दाखवा, माया त्यानंतर. क्रम उलटला की पैसे घेणारी बाई ढोंगी वाटते आणि ती पुन्हा उभी राहत नाही.

मायेचा प्रसंग शक्यतो बिनबोलाचा ठेवा. मुलगी तापाने फणफणली आहे, गिऱ्हाईक दारात नोट धरून उभं आहे. घरवाली नोटेला हात लावत नाही. कमरेचा जुडगा काढते आणि खोलीला बाहेरून कुलूप घालते. आता कॅमेरा आत न्या. मुलीला फक्त कुलूप लागल्याचा आवाज येतो. तिला वाचवणारी किल्ली तीच, आणि कोंडणारीही तीच. इथे भाषण घातलंत तर प्रसंग मेला.

श्याम बेनेगल यांच्या 'मंडी' चित्रपटात (१९८३) घरवाली रुक्मिणीबाई कोठ्यावरच्या झीनतला जिवापाड जपते, आणि त्याच छताखाली फसवून आणलेली फुलमणीही असते. ही विसंगती मिटवायला जाऊ नका, तिच्यावरच पात्र उभं राहतं.

धाडीच्या प्रसंगात कायदा हमखास चुकतो. १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात कुंटणखाना चालवणं गुन्हा आहे, म्हणून मुलीला मारहाण झाली तरी घरवाली चौकीची पायरी चढायला कचरते. शरीरविक्रीच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी १८ वर्षांवरची व्यक्तीही त्यात अडकते. म्हणजे म्हातारी आई, कॉलेजात जाणारा मुलगासुद्धा. कथा मे २०२२ नंतरची असेल तर आणखी एक गोष्ट: केवळ आई या व्यवसायात आहे म्हणून मूल तिच्यापासून तोडू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. मूल ओढून नेणारा शिपाई दाखवलात, तर त्याला अडवताना हे बोलणारी एखादी बाई तिथे हवी.

आणि ती बाई घरवालीच कशाला हवी? सांगलीत 'वॅम्प', कोलकात्यात 'दुर्बार' अशा संघटना देहविक्री करणाऱ्या बायकांनी स्वतः चालवल्या. पडद्यावर हे नेतृत्व फारच कमी येतं, याचं वाईट वाटतं. लिहायचं तर मोर्च्यापासून सुरुवात करू नका. आजारी मैत्रिणीपाशी आज रात्री इस्पितळात कोण थांबणार, कुणाचा धंदा बुडणार, यावरून सहा जणींचं भांडण लिहा. शेवटी एक जण काही न बोलता डबा भरायला उठते.