विममध्ये फाइल सेव्ह करताना दिवसभरात वाढत जाणारा अडखळा: माझा अनुभव

लक्षण असं: विम (टेक्स्ट एडिटर) सुरू केल्यावर सेव्ह झटक्यात होतं, पण विमआरसीत (विमच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) बदल करून ती सोर्स करत, म्हणजे चालू विममध्येच पुन्हा वाचायला लावत राहिलं की प्रत्येक सेव्ह आणखी रेंगाळतं. विम बंद करून उघडलं की पुन्हा सुरळीत. प्लगइन बंद केले, स्वॅप फाइलची (विमच्या तात्पुरत्या फाइलची) जागा बदलली. काडीचा फरक नाही. वैताग आला होता.

उलगडा झाला तो 'व्हर्बोज ऑटोसीएमडी बफराइटप्री' या कमांडने. सेव्हच्या आधी आपोआप चालणाऱ्या कमांड, म्हणजे ऑटोकमांड, कुठून आल्या याची यादी ती दाखवते. ओळींच्या शेवटच्या स्पेस काढणारी एकच ऑटोकमांड यादीत खाली खाली परत परत, आणि प्रत्येकीखाली ती जिथून आली ती फाइल म्हणून तीच विमआरसी. सोर्स केल्यावर विम जुनी ऑटोकमांड पुसत नाही, नवी तिच्याखाली जोडतं, आणि सेव्ह करताना त्या सगळ्या चालतात.

विमआरसीत हाच क्रम ठेवा. आधी 'ऑगग्रुप' आणि ऑटोकमांडच्या गटाचं नाव. ते दुसऱ्या कुठल्या गटाचं नको. पुढच्या ओळीत फक्त 'ऑटोसीएमडी' आणि त्याला चिकटून उद्गारचिन्ह. ही ओळ तो गट रिकामा करते. सगळी मेख इथेच आहे. त्याखाली आपल्या ऑटोकमांड. शेवटी 'ऑगग्रुप एंड', त्यातलं 'एंड' कॅपिटलमध्ये. मग विम एकदा बंद करून उघडा, कारण आधी साठलेल्या प्रती या गटात नसतात. आता कितीही वेळा सोर्स करा, यादीत एकच नोंद दिसते.