गाडीची बॅटरी, इन्व्हर्टर आणि दीड हात वायर

पावसाळ्यात लाईट गेली की लोक गाडीच्या बॅटरीला इन्व्हर्टर (१२ व्होल्टची वीज घरच्या २३० व्होल्टची करणारा डबा) लावून दिवे चालवतात, आणि मग मला फोन येतात. 'बॅटरी फुल आहे, इन्व्हर्टर नवा आहे, तरी टीं टीं करून बंद पडतोय.' माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वायर किती लांब आणि किती जाड? पलीकडे शांतता. त्याकडे येतोच, पण आधी सोपं उरकू.

इन्व्हर्टर १२ व्होल्टचा, ३०० ते ४०० वॅटचा घ्या. गाडीच्या बॅटरीला हजार वॅटचा इन्व्हर्टर लावणं म्हणजे बकरीला नांगराला जुंपणं. स्वस्तातले इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचे, म्हणजे घरच्या लाईटीसारखी गुळगुळीत लहर देणारे, नसतात. त्यांच्यावर एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, वायफायचा राउटर बिनतक्रार चालतात, पण साधा छताचा पंखा घूंऽऽ करत राहतो आणि तापतो. पंखा हवाच असेल तर प्युअर साइनसाठी जादा पैसे मोजा.

बॅटरी कोणती? घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी या कामासाठीच जन्मलेली असते. गाडीची नाही. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा भरपूर असतात. स्टार्टरला दोनचार सेकंद दीडदोनशे अँपिअर द्यायचे, मग अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनरेटरकडून, पोट भरून घ्यायचं, एवढीच तिची सवय. तिला वारंवार तळापर्यंत उपसलंत की ती कायमची बसते. म्हणून नियम एकच: अर्ध्याच्या खाली जायचं नाही. मल्टिमीटर घ्या. लोड काढून जरा वेळ थांबल्यावर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १२.२ ला दुकान बंद. इन्व्हर्टर स्वतःहून बंद होईल या भरवशावर राहू नका. बहुतेक इन्व्हर्टर १०.५ च्या आसपास बंद होतात आणि तोवर बॅटरीचं वाटोळं झालेलं असतं.

'गाडीत स्टार्टर मारत नाही म्हणून काढली, घरात चालेल की' हा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. नाही चालत. सेल गेलेली बॅटरी घरातही गेलेलीच असते.

हिशोब करून बघा. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी, त्यातली अर्धी म्हणजे साधारण २२. गुणिले १२, म्हणजे २६५ वॅट-अवरच्या आसपास, त्यातले १५ टक्के इन्व्हर्टर खातो. उरले सव्वादोनशे. ९ वॅटचे तीन बल्ब, राउटर आणि दोन मोबाइल धरून ६० वॅट झाले तर साडेतीन तास. ७५ वॅटचा जुना पंखा जोडलात तर दीड तासावर कारभार आटोपला. फ्रिज, मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप यांची नावंही काढू नका. घरात ऑक्सिजनचं मशिन असेल तर त्याला नीट इन्व्हर्टर सिस्टीम बसवा, हा जुगाड त्यासाठी नाही.

आता वायर.

भारनियमनाच्या काळात मी पहिल्यांदा हे जोडलं. बॅटरी ओसरीच्या कोपऱ्यात, इन्व्हर्टर माजघरात टीव्हीशेजारी, कारण तो तिथे शोभतो. मधे तीन मीटर अंतर. घरात फिटिंगची उरलेली दीडची (दीड स्क्वेअर एमएमची) वायर होती, तीच ओढली. लाल, काळी, भिंतीला खिळे मारून अगदी सरळ. दोन पंखे आणि टीव्ही लावला, पाचव्या मिनिटाला टीं टीं. मी ठरवलं, बॅटरी खराब. नवी आणली. पुन्हा टीं टीं. मग ठरवलं, इन्व्हर्टर खराब. दुकानदाराशी भांडून आलो, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला घेऊन आलो. त्याने ना मीटर काढला, ना पाना. भिंतीवरच्या लाल वायरला दोन बोटं लावली आणि झटक्याने काढली. "बाळा, ही वायर हाय का शेगडी?"

वायरचं प्लास्टिक मऊ पडलं होतं, खिळ्यापाशी दबलं होतं. त्याने मला दोन्ही टोकांना, सगळं चालू असताना, मीटर लावायला सांगितला. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.१, चालू लोडवर एवढं उतरतंच. इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर १०.४. मधल्या मधे १.७ व्होल्ट गायब.

कारण सरळ आहे. अडीचशे वॅट २३० व्होल्टवर न्यायचे तर एक अँपिअरच्या थोडं वर, दीडच्या वायरीला ते फुलासारखं. तेच अडीचशे वॅट १२ व्होल्टवर न्यायचे तर इन्व्हर्टरची घट धरून जवळजवळ २४ अँपिअर. जाऊन-येऊन सहा मीटर वायर, २४ अँपिअर, म्हणजे ४० वॅट नुसती भिंत शेकण्यात जात होते. इन्व्हर्टरला वाटायचं बॅटरी संपली. बॅटरी बिचारी भरलेलीच होती.

तेव्हा खूणगाठ बांधून घ्या: १२ व्होल्टची बाजू आखूड आणि जाड, २३० ची बाजू हवी तेवढी लांब. इन्व्हर्टर बॅटरीशेजारी ठेवायचा, दीड हाताच्या आत, आणि तिथून घरात साधा एक्स्टेंशन बोर्ड न्यायचा. इन्व्हर्टर माजघरात शोभतो वगैरे विसरा. ३०० वॅटला मी १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल वापरतो. दुकानदार म्हणेल, सहाची पुरते. दीड हाताला पुरेलही, पण सहाची घेणारा माणूस हळूच तीन मीटर ओढतो, हे मी पाहिलंय.

केबलइतकंच महत्त्व टोकांना. इन्व्हर्टरबरोबर येणारे चिमटे तात्पुरते ठीक, रात्रभर नाही. थिंबल (केबलच्या टोकाला चेपायची, बोल्टाचं भोक असलेली धातूची टोपी) लावा, आणि ते पकडीने चेपू नका. पकडीने चेपलेला थिंबल दिसायला घट्ट असतो, ओढला की हातात येतो. केबलच्या दुकानात क्रिंपिंगचं मशिन असतं, तिथूनच चेपून आणा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर आली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, बोल्ट आवळा, वरून व्हॅसलीन. अर्ध्या तासाने सगळं चालू असताना प्रत्येक जोडाजवळ हात न्या. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर बंद करा आणि तोच जोड पुन्हा करा.

पॉझिटिव्हच्या वायरीत बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच, ३०० वॅटला ४० अँपिअरचा. इन्व्हर्टरच्या आतला फ्यूज इन्व्हर्टरला वाचवतो, मधल्या केबलला नाही. शॉर्ट झाल्यावर गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर ओकते आणि केबल पेटते. काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याने दोन्ही टर्मिनलं एकदम शिवली तर पाना चिकटतो आणि लाल होतो.

जोडताना इन्व्हर्टरचं बटण बंद. आधी बॅटरीकडची दोन्ही टोकं, मग इन्व्हर्टरचं पॉझिटिव्ह, सगळ्यात शेवटी इन्व्हर्टरचं निगेटिव्ह. त्या शेवटच्या जोडाला 'फट्' अशी ठिणगी पडेल. घाबरू नका, आतले कपॅसिटर भरतात. पण म्हणूनच ती ठिणगी बॅटरीपाशी नको. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. बॅटरी ओसरीवर ठेवा, देवघरात निरांजनाजवळ किंवा गॅसच्या ओट्याखाली नको. उलटसुलट जोडलंत तर इन्व्हर्टर गेला, वॉरंटीसकट.

एका गोष्टीवर मी भांडतो. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून इन्व्हर्टरची लाईट भिंतीच्या सॉकेटमध्ये सोडायची, म्हणजे सगळं घर उजळतं. हे करू नका. मेन स्विच चुकून चालू राहिला तर ती वीज मीटरमधून बाहेर जाते, डीपीतून (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून) उलटी चढते, आणि खांबावरच्या लाइनमनला वाटत असतं की लाइन बंद आहे. लाईट परत आली की तुमचा इन्व्हर्टर जळतो तो वेगळाच, आणि त्या वायरची उघडी पिन कुणाच्या तरी हाताला लागते.

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे रायगडच्या किनाऱ्यावर वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब तर मोजायलाच नको. तेव्हा अंगणातल्या गाडीवरच भागवलं. बॉनेट उघडं, इन्व्हर्टर गाडीपाशी, बोर्ड ओसरीवर. शेजारच्या काकू "अरे, माझा पण लाव की जरा" म्हणत आल्या आणि संध्याकाळपर्यंत बोर्डाभोवती अकरा मोबाइल. असं करताना दर तासाला गाडी चालू करून वीसेक मिनिटं ठेवा, नाहीतर सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. उघड्या अंगणातच, बंद गॅरेजमध्ये कदापि नाही, त्या धुराने माणूस झोपेत जातो. डॅशबोर्डच्या लायटरच्या सॉकेटवर शंभर वॅटच्या वर जाऊ नका, त्याचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो.

वेगळी बॅटरी असेल तर लाईट आल्या आल्या, त्याच दिवशी, चार्जिंगला लावा. ४५ च्या बॅटरीला साडेचार अँपिअर पुरे. अर्धवट उतरलेली चार दिवस पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती पूर्ण भरतच नाही. पाणी डिस्टिल्ड, आरओचं नव्हे. वापर नसला तरी बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करा. आणि जादाचे दोन फ्यूज बॅटरीच्याच अंगाला चिकटपट्टीने लावून ठेवा. फ्यूज उडतो तो रात्री साडेअकराला, आणि ड्रॉवर अंधारात सापडत नाही.