वॉर्डाचा जाहीरनामा मतदारांकडूनच कसा लिहून घ्यायचा

नगरसेवकाच्या इलेक्शनचा जाहीरनामा म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये, गुळगुळीत कागद, पुढेमागे फोटो आणि आत "सर्वांगीण विकास". हेच उलटं करायचं, म्हणजे आधी लोकांकडून लिहून घ्यायचं आणि मग छापायचं, तर एका वॉर्डापुरती फुकटातली टूल्स आरामात पुरतात. दिल्लीत आम आदमी पार्टीने २०१५ च्या निवडणुकीआधी 'दिल्ली डायलॉग' म्हणून असंच केलं होतं, लोकांशी बोलून ७० मुद्द्यांचा जाहीरनामा काढला (पुढे ७० पैकी ६७ जागा आल्या, आता त्या काय फक्त डायलॉगमुळे आल्या नाहीत म्हणा).

सुरुवात गूगल फॉर्मने करा. मराठीत, चार-पाच प्रश्न, बास. गल्ली किंवा सोसायटी कुठली, त्रास काय, काय केलं तर सुटेल, आणि फोन नंबर द्यायचा असेल तर. "आपल्या समस्या सांगा" असं विचारलंत की "पाणी, रस्ते, कचरा" एवढंच येतं. त्यापेक्षा "घरापासून बसस्टॉपपर्यंत चालत जाताना कुठे अडतं?" असं विचारा, मग बघा लोकं कसं खांब नंबरासकट लिहितात.

पण नुसती लिंक फिरवून थांबलात तर तो जाहीरनामा सोसायट्यांचा होतो, वस्ती बाहेरच राहते. म्हणून व्हॉइस नोट चालेल असं सांगा, एक कार्यकर्ता त्या ऐकून ऐकून फॉर्म भरेल. दर दोन दिवसांनी फॉर्मची उत्तरं जमा होतात त्या गूगल शीटमधला गल्लीचा कॉलम बघा, जिथून काहीच आलं नाही तिथे संध्याकाळी स्वतः मोबाईल घेऊन जा.

आता शीट, आणि खरं काम इथेच आहे. फॉर्मची उत्तरं ज्या शीटमध्ये पडतात ती कुणालाही द्यायची नाही कारण त्यात नंबर असतात, आणि कॉलम हाईड करून पण उपयोग नाही, कुणीही कॉपी करून उघडतो. वेगळी फाईल करा, त्यात गल्ली, सूचना आणि तिसरा कॉलम "याचं काय झालं". ही फाईल सगळ्यांना बघता येईल पण एडिट फक्त दोघातिघांना. तिसऱ्या कॉलममध्ये प्रत्येक सूचनेपुढे लिहायचं, घेतली, नाही घेतली, आणि का. "ट्रान्सफॉर्मर महावितरणचा आहे, महापालिकेचा नाही, पत्र देऊ." "या जागेचा वाद कोर्टात आहे, आश्वासन देणार नाही." उमेदवार इथे हमखास कुरकुरतो, नाही कसं म्हणायचं, मतं जातील! पण रिकामा ठेवलेला कॉलम जास्त मतं घालवतो असं माझं स्पष्ट मत आहे, माणूस आपली ओळ शोधतोच आणि पुढे काहीच दिसलं नाही की परत फिरकत नाही.

भांडणाचे विषय वेगळे काढा. फेरीवाले की फूटपाथ, हा विषय व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात की रात्री बारापर्यंत जुंपते. त्यासाठी पोलिस (Pol.is) नावाचं ओपन सोर्स टूल आहे (आपले खाकीवाले नव्हेत), तैवानमध्ये २०१५ ला उबरच्या नियमांवर लोकांची मतं घ्यायला ते वापरलं होतं. लोकं एकेक वाक्य टाकतात, बाकीचे सहमत, असहमत किंवा पास करतात. रिप्लायचं बटणच नाही, त्यामुळे भांडायला जागा नाही, आणि दोन्ही बाजूंना कुठली वाक्यं पटतात ते आपोआप वर येतं.

मग मसुदा गूगल डॉक्सवर टाका, सगळ्यांना फक्त कमेंटचा ॲक्सेस, आणि आधी काय घ्यायचं ते मतदानाने ठरवा. व्हॉट्सॲप पोलमध्ये १२ पर्याय बसतात पण कुणी कशाला मत दिलं ते ग्रुपला दिसतं, त्यामुळे नाजूक विषय असेल तर फॉर्मच बरा. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, बायकांना ते नको असतं, तेव्हा अपडेट द्यायला चॅनेल काढा.

नियमांचं थोडक्यात, ऑनलाईन जाहिरातींचा खर्च पण निवडणूक खर्चात धरला जातो, बिलं ठेवा. प्रचार बंद व्हायची वेळ झाली की ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' करा आणि ॲडमिननेही गप्प बसा.

निकालानंतर फोन नंबरवाली शीट डिलीट करायची, हरलात तरी आणि जिंकलात तरी. दुसरी मात्र चालू ठेवा. पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या बजेटसाठी छोटी कामं सुचवता येतात, त्याचे अर्ज निघाले की शीटमधली फूटपाथ, दिवे, बाकडी अशी कामं उचलून थेट तिथे भरता येतात, त्याला नगरसेवक असावं लागत नाही.