हार्ट फेल्युअर आणि रक्ताच्या गुठळ्या: घरी होणाऱ्या या चुका टाळा

आमच्या आईला हार्ट फेल्युअर आहे, पाय सुजणं घरात इतकं अंगवळणी पडलेलं की एकदा फक्त डावा पाय सुजला तरी आम्ही लघवीची गोळी दिली आणि दोन दिवस गरम तेलाने चोळत बसलो. डॉप्लर (पायाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) केलं तर पोटरीच्या वर गुठळी. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, हार्टची सूज बहुतेक वेळा दोन्ही पायांना येते, एकच पाय सुजला, दुखतोय, गरम लागतोय तर त्याच दिवशी दाखवा आणि चोळू तर अजिबात नका, गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. एकदम धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सी गाठा.

हार्टचं पंपिंग कमी झालं की रक्त कप्प्यांत आणि पायांत रेंगाळतं, आणि रेंगाळलेलं रक्त गोठतं. त्यात ठोके अनियमित, म्हणजे एएफ असेल तर गुठळी मेंदूत जाऊन पॅरालिसिस होऊ शकतो.

आता गोळ्या. असिट्रोम किंवा वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी रक्ततपासणी) वेळेवर करा, बहुतेकांचा 2 ते 3 मध्ये ठेवतात, वॉल्व्ह बदललेला असेल तर डॉक्टर वेगळा सांगतात. थंडीत रोज मेथी-पालक सुरू केलं की आयएनआर खाली येतो, म्हणजे गोळीचा परिणाम कमी होतो, पालेभाजी बंद करायची गरज नाही पण प्रमाण साधारण सारखं ठेवा. "इकोस्प्रिन (ॲस्पिरिन) चालू आहे ना, मग ती दुसरी कशाला" असं म्हणून एएफसाठी दिलेली रक्त पातळ करायची गोळी बंद करणारे मी पाहिलेत, इकोस्प्रिन तिची जागा घेत नाही. आणि गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका, ब्लीडिंगही वाढतं आणि अंगात पाणीही साचतं.

उलटी चूकही होते, शेजारच्या काकांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून आपणही घ्यायची. 2018 मध्ये कमांडर एचएफ नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात एएफ नसलेल्या 5,000 वर पेशंटमध्ये कमी डोसच्या रिव्हरोक्सॅबॅनने (हीसुद्धा रक्त पातळ करायची गोळी) मृत्यू, हार्ट अटॅक, स्ट्रोक मिळून काही खास फरक पडला नव्हता, त्यामुळे ही गोळी कुणाला द्यायची ते डॉक्टरच ठरवू देत.

डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल घेऊ नका. दात काढायचाय म्हणून मनाने बंद पण करू नका.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर घड्याळ बघा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, आणि निघताना गोळ्यांची पिशवी सोबत घ्या, रक्त पातळ करायची शेवटची गोळी किती वाजता घेतली हे तिथे विचारतातच.