क्लायंटला देणगी द्यायची आहे: सल्लागाराने काय विचारावं, काय तपासावं

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फोन येतो, "दोन लाख द्यायचेत, ऐंशी जी मिळेल अशी एखादी संस्था सांगा." ऐंशी जी (८०जी) म्हणजे देणगीवर करवजावट देणारं आयकर कायद्याचं कलम. लगेच नाव सांगू नका. करसवलतीचा हिशोब सगळ्यात शेवटी करायचा असतो. तो आधी करायला गेलं की देणगी भलतीकडे जाते आणि बऱ्याचदा सवलतही हातची जाते.

पण क्लायंटच्या डोक्यात तोच प्रश्न असतो, म्हणून तो आधी मोकळा करा. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट नाही, आणि २०२३-२४पासून तीच प्रणाली आपोआप लागू होते. क्लायंट जुन्या प्रणालीत असेल तर कागदावर आकडे मांडा. बहुतेक संस्थांच्या देणगीवर ५० टक्के वजावट मिळते, तीही समायोजित एकूण उत्पन्नाच्या (काही नफे आणि इतर वजावटी वगळून उरलेल्या उत्पन्नाच्या) १० टक्क्यांच्या मर्यादेत. हे उत्पन्न १२ लाख धरा. मर्यादा झाली १ लाख २० हजार. एकदम २ लाख दिले तर वजावट ६० हजार, आणि ३० टक्के दराने, सेस म्हणजे उपकर धरून, कर वाचला १८,७२० रुपये. उरलेले ८० हजार पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत. तेच ३० मार्चला १ लाख आणि ५ एप्रिलला १ लाख दिले, उत्पन्न आणि दर तेच राहिले, तर दोन वर्षांत मिळून ३१,२०० रुपये वाचतात.

गिरगावातली जागा विकून आलेल्या पैशांतून २५ लाख देऊ म्हणणारा क्लायंट इथे हमखास फसतो. मर्यादा काढताना दीर्घकालीन भांडवली नफा वगळला जातो. बाकीचं उत्पन्न ६ लाख पेन्शनचं असेल तर मर्यादा ६० हजारच, नफा कोटीचा असला तरी. हे देण्याआधी सांगा. २ हजारांपुढची रोख आणि वस्तुरूप देणगी यांना वजावट नाही. मुख्यमंत्री सहायता निधीला मात्र १०० टक्के आणि मर्यादेशिवाय आहे. इथले आयकराच्या कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक १९६१च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा आला आहे, तेव्हा त्यापुढच्या देणगीसाठी कलम आणि फॉर्म पडताळून घ्या.

आता खरा प्रश्न: पैसे कशासाठी? परळला टाटा रुग्णालयाबाहेर थांबलेले बाहेरगावचे रुग्ण पाहिले की माणूस "कॅन्सरसाठी देतो" म्हणतो. औषधं, राहण्याची सोय की सोबत आलेल्यांचं जेवण? ही तीन वेगळी कामं आहेत आणि ती करणाऱ्या संस्थाही बहुधा वेगळ्या असतात. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात अर्धा तास बसलात तर नेमकं काय अडतंय ते कळतं.

संस्था ठरली की कागद मागा. नोंदणी क्रमांक 'एफ'ने सुरू होत असेल तर ती १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था असते. पावतीपुस्तकावर छापलेल्या क्रमांकावर विसंबू नका, धर्मादाय आयुक्त कार्यालयातून परिशिष्ट १चा उतारा (संस्थेची आणि विश्वस्तांची अधिकृत नोंद) आणायला सांगा. मुंबईतल्या संस्थांसाठी हे कार्यालय वरळीला आहे. उताऱ्यावरची विश्वस्तांची नावं आज सही करणाऱ्यांच्या नावांशी जुळवा. सातांपैकी तीन विश्वस्त वारलेले आणि चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती) भरलेलाच नाही, असं सर्रास दिसतं. तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत भरायचा असतो. राहिला असेल तर उद्या वाद झाल्यावर तुमच्या क्लायंटच्या करारावर सही करणाऱ्याला अधिकार होता का, हाच प्रश्न उभा राहतो.

मग तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब घ्या. परिशिष्ट ८ म्हणजे ताळेबंद, ९ म्हणजे उत्पन्न-खर्च. ताळेबंदात डावीकडे कायम निधी (मुद्दल न मोडता जपायचा निधी) ४० लाख आणि उजवीकडे ठेवी, गुंतवणूक मिळून ११ लाख दिसली, तर उरलेले कुठे गेले ते विचारा. वास्तूत गेले असतील तर ठीक. पगारात गेले असतील तर निधी फक्त नावाला कायम आहे. विश्वस्तांना दिलेली उचल वर्षानुवर्षं तशीच असेल तर तिथेच थांबा.

एक आग्रहाचं सांगणं. "माझा पैसा थेट मुलांवर, पगारावर एक रुपया नको" अशी अट क्लायंटला घालू देऊ नका. शिकवणारी ताई पगारावरच काम करते आणि हिशोब लिहिणाराही. ही अट घातली की संस्था तो खर्च दुसऱ्या खात्यात दडवते आणि तुम्हाला खोटा हिशोब मिळतो.

५ लाख द्यायचे असतील तर २, २, १ असे तीन हप्ते करा. दोन पानी पत्रात काम, मुदत आणि हिशोब कधी यायचा ते लिहा. रक्कम कायम निधीसाठी असेल तर तसं लेखी द्या, नाहीतर ती चालू उत्पन्नात धरली जाते. १० लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला ७० हजार येतात. सगळं व्याज वाटलं तर दहा वर्षांनी त्याच ७० हजारांत कमी मुलांची फी भागेल, म्हणून थोडं व्याज मुद्दलात घालायची अट ठेवा. पैसा फिरता ठेवायचा दुसरा मार्गही आहे: १८९२चा जे. एन. टाटा एन्डाउमेंट परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो. परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याला जातो.

वडिलांच्या नावाने स्वतःचा ट्रस्ट काढायची इच्छा पुष्कळांना असते. दरवर्षीचं ऑडिट, आयटीआर-७ (ट्रस्टचं आयकर विवरणपत्र), १२एबी (ट्रस्टला करमाफी मिळवून देणारी नोंदणी) आणि ८०जीचं नूतनीकरण, चेंज रिपोर्ट हे सगळं सांभाळणारं कोणी घरात आहे का ते विचारा. कोटभराच्या खाली आमच्या मते चालू संस्थेत नावाचा निधी ठेवणंच बरं.

अमेरिकेतला मुलगा पैसे पाठवणार असेल तर आधी त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःची बचत बँकेमार्फत पाठवली, तर ते विदेशी योगदान ठरत नाही. नागरिकत्व बदलून ओसीआय (भारतीय मूळ असलेला परदेशी नागरिक) झाला असेल तर ठरतं. मग संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (विदेशी योगदान घ्यायची परवानगी) हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. साध्या खात्यात आले तर संस्था अडचणीत येते.

पैसे गेल्यावर पावती आली म्हणून फाइल बंद करू नका. संस्थेला ३१ मेपर्यंत १०बीडी (मिळालेल्या देणग्यांचं विवरणपत्र) भरून दात्याला १०बीई (देणगीचं) प्रमाणपत्र द्यावं लागतं. संस्थेने पॅन चुकीचा टाकला तर वजावट अडकते, म्हणून देतानाच पॅन लेखी पाठवा आणि जूनमध्ये आठवण करा.

फी दात्याकडूनच घ्या, संस्थेकडून कमिशन कधीही नाही. त्याच संस्थेचं ऑडिट तुमच्याकडे असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

मृत्युपत्रातून द्यायचं असेल तर "दादरच्या अंधशाळेला" असं लिहू नका. उताऱ्यावरचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता लिहा. ती संस्था तोवर बंद पडली तर रक्कम कोणाला, हेही त्याच कलमात येऊ द्या आणि उताऱ्याची प्रत मृत्युपत्राच्या पाकिटात ठेवा.