थेरपीला मूल जातं, पण शिकावं आईबाबांनापण लागतं: सुरुवात कशी करायची

माझ्या मुलाला ऑटिझम आहे हे तो तीन वर्षांचा असताना कळलं आणि त्यानंतरचं अख्खं वर्ष मी फक्त त्याला पोचवायचं काम केलं. मंगळवारी आणि शुक्रवारी थेरपी, मी बाहेर बाकावर, पंचेचाळीस मिनिटांनी दार उघडायचं, ताई म्हणायच्या आज छान बसला हं, मी पैसे द्यायचे आणि आम्ही रिक्षाने घरी. मग एक दिवस तिथेच बसून हिशोब केला, आठवड्याला थेरपी दीड तास, आणि तो जागा असतो ते तास धरले तर नव्वदच्या आसपास. ते सगळे तास घरात जातात, आणि घरात आम्हाला कुणालाच काही येत नाही. तेव्हापासून मी शिकायला लागले. ज्यांचं मूल ऑटिस्टिक आहे, मतिमंदत्व आहे, सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींची अडचण आहे, किंवा नुसतं "मागे पडतंय" असं शाळेने सांगितलंय, त्या सगळ्या आईबाबांसाठी हे लिहितेय, कारण मला तेव्हा असं क्रमाने कुणी सांगितलं नव्हतं.

आधी रिपोर्ट समजून घ्या

रिपोर्ट घरी आणून कपाटात ठेवू नका. ज्यांनी तपासलं त्यांना परत भेटा आणि तीन गोष्टी विचारा: माझ्या मुलाला आत्ता काय काय येतं, पुढची सगळ्यात जवळची गोष्ट कुठली जी तो शिकू शकेल, आणि ती मी घरी कशी शिकवू. पर्सेंटेज आणि आयक्यूचे आकडे दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटला लागतात, रोजच्या दिवसाला ह्या तीन उत्तरांचा उपयोग जास्त होतो.

आणि अजून तपासणीच झाली नसेल तर थांबू नका. "मुलगे उशिरा बोलतात, त्याचे बाबापण चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते" हे वाक्य मी किमान दहा घरांत ऐकलंय आणि त्यात कितीतरी मुलांची दोन-दोन वर्षं गेलीत. प्रायव्हेटचा खर्च झेपत नसेल तर सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते, ० ते १८ वयाच्या मुलांना बघते आणि गरज वाटली तर जिल्ह्याच्या डीईआयसीला म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राला पाठवते. अंगणवाडीताईंना नुसतं विचारलंत तरी टीम कधी येणार ते सांगतील.

ट्रेनिंग कुठे घ्यायचं, आणि घ्यायच्या आधी काय विचारायचं

मुंबईत उम्मीद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर आहे, वांद्र्याला ऐकण्याबोलण्याच्या अडचणींसाठी अली यावर जंग संस्था आहे, दिल्लीच्या अॅक्शन फॉर ऑटिझममध्ये तर आई किंवा बाबा मुलासोबत राहून शिकतात असा कोर्स आहे, ती संस्थाच मुळात एका ऑटिस्टिक मुलाच्या आईने, मेरी बरुआंनी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेनेपण पालकांसाठी केअरगिव्हर स्किल्स ट्रेनिंग तयार केलंय, २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी, ९ ग्रुप सेशन आणि ३ घरभेटी, आणि मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे मुलाचं निदान झालेलं असलंच पाहिजे अशी अट नाही.

पण नाव मोठं आहे म्हणून पैसे भरू नका. आधी विचारा की मी माझ्या मुलाबरोबर काम करताना कुणी मला बघणार आहे का आणि चुकलं तर तिथल्या तिथे सांगणार आहे का. नुसती स्लाइड दाखवून दोन दिवसांचं वर्कशॉप होतं, सर्टिफिकेट मिळतं आणि घरी आल्यावर हात तसेच रिकामे, हे माझं एकदा झालंय. चपाती लाटायला कुणी भाषणातून शिकत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून "कडा दाब, मध्ये नको" असं सांगावं लागतं, हेपण तसंच आहे. दुसरं, शिकवणाऱ्यांचा रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा, म्हणजे विशेष शिक्षक वगैरेंची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेचा, रजिस्ट्रेशन नंबर विचारा, ज्यांच्याकडे असतो ते न चिडता देतात. आणि जिथे "सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो" किंवा ऑटिझमसाठी स्टेम सेल असं ऐकाल तिथून उठा. स्टेम सेलने ऑटिझम बरा होतो याला पुरावा नाही, आणि त्यापायी दागिने मोडलेल्या आया मी बघितल्यात, मला अजून त्रास होतो ते आठवून.

घरी एकच गोष्ट निवडा

इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण सगळं ह्यावर आहे. लोक एकदम रंग, आकडे, एबीसीडी, बोलणं, टॉयलेट सगळं सुरू करतात आणि पंधरा दिवसांत दमतात. एकच गोष्ट घ्या, रोज नाहीतरी करावीच लागते अशी. आम्ही पँट घालणं घेतलं.

आता पँट घालणं ही एक गोष्ट नाहीच. पँट उचलायची, पुढचं-मागचं बघायचं, खाली बसायचं, एक पाय, दुसरा पाय, उभं राहायचं, गुडघ्यापर्यंत ओढायची, मग कमरेपर्यंत. कागदावर लिहून काढा, स्वतः एकदा घालून बघत लिहा म्हणजे काही सुटत नाही. मग सुरुवात शेवटाकडून करायची. म्हणजे सगळं तुम्ही करून द्या, पँट मांडीपर्यंत आणा आणि फक्त कमरेपर्यंत ओढणं त्याच्यावर सोडा. त्याने ओढली की काम पूर्ण झालं, शाबासकी लगेच, आणि ती त्याला आवडेल अशी, आमच्याकडे गुदगुल्या. चार-पाच दिवस हे नीट जमलं की गुडघ्यापासून सोडा, मग त्याच्या आधीचं. असं उलटं गेल्याने मूल दर वेळी "झालं!" इथे येऊन थांबतं, अर्ध्यात रडून नाही.

मदत कशी करायची त्यालापण क्रम आहे. आधी हातावर हात धरून, मग नुसता कोपराला स्पर्श, मग बोटाने दाखवून, मग काहीच नाही. तोंडाने सांगणं शक्य तितकं कमी. "घाल, घाल ना, अरे घाल की" हे आपण सगळेच करतो पण मुलाला त्या बोलण्याची सवय लागते, मग कुणी म्हटल्याशिवाय ते हलतच नाही आणि ती सवय काढणं हात सोडवण्यापेक्षा अवघड जातं. एकदाच, तीन शब्दांत सांगा, आणि मनात दहापर्यंत मोजा. ते दहा आकडे खूप लांब वाटतात. माझ्या सासूबाईंना तर ते बघवायचंच नाही, त्या पुढे होऊन पँट चढवून टाकायच्या. पण बरीच मुलं सहा-सातच्या आसपास हालचाल सुरू करतात आणि आपण तीनलाच हात घालतो.

आम्हाला ह्याला सात आठवडे लागले. नंतर हीच पद्धत ब्रशला, ताट सिंकमध्ये ठेवायला, मटार सोलायला वापरली. मटार सोलणं मी प्रत्येकाला सुचवते, दोन्ही हातांची बोटं चालतात, मूल स्वयंपाकघरात आपल्याजवळ बसतं आणि त्याने केलेलं संध्याकाळी सगळ्यांच्या ताटात येतं.

किंचाळणं, आपटणं, चावणं: आधी वही

मूल त्रास देतंय असं वाटतं तेव्हा दोन आठवडे फक्त लिहा. तीन रकाने: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर आपण काय केलं. वार आणि वेळ नक्की टाका. आमच्या वहीत दिसलं की मोठा गोंधळ गुरुवारीच होतो. आम्ही समजत होतो क्लासमुळे, कुणी म्हणालं पोट बिघडतं, आणि निघालं काय तर आमच्याकडे गुरुवारी सकाळी लाइट जाते आणि पंखा थांबतो, फिरता पंखा बघणं हा त्याचा सगळ्यात मोठा आधार आहे आणि तो न सांगता बंद पडतो. मग बुधवारी रात्री पंख्याच्या फोटोवर फुली मारलेलं कार्ड दाखवायला लागलो, सकाळी परत दाखवायचं, आणि चार्जिंगचा छोटा पंखा आणला. किंचाळणं लगेच बंद नाही झालं, पण तासाचं दहा मिनिटांवर आलं.

तिसरा रकाना आपल्याला आवडत नाही कारण त्यात आपलंच दिसतं, किंचाळला की मोबाइल दिला, असं चार वेळा लिहिलं की कळतं की आपणच त्याला किंचाळायला शिकवतोय. इथे स्वतःला दोष देत बसू नका, मोबाइल किंवा पाणी मागायचं दुसरं साधन द्या, बोट दाखवणं, कार्ड, हात ओढणं, काहीही, आणि त्या मागण्याला ताबडतोब उत्तर द्या.

घरातली माणसं

आजीआजोबांना लेक्चर देऊ नका. एक काम द्या. सासूबाईंना मी सांगितलं की दुपारी भाकरी देताना दोन गोष्टी समोर धरा, गूळ की तूप, आणि त्याने दाखवल्याशिवाय देऊ नका. दुपारची ही एक गोष्ट पूर्णपणे त्यांची. पुढे त्याने बोट दाखवायला सुरुवात केली ती त्यांच्यासमोर, आणि त्या दिवसानंतर त्याच शेजारच्यांना दहा मोजायला सांगायला लागल्या. बाबालोकांचंपण तेच, "तू लक्ष देत नाहीस" ह्या भांडणातून काही निघत नाही, अंघोळ तुझी, असं एक ठरवून सोडून द्यायचं, वेगळ्या पद्धतीने केली तरी मध्ये जायचं नाही.

शाळा आणि कागदपत्रं

यूडीआयडी कार्डासाठी म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं की ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या स्पेशल शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. शाळा "आमच्याकडे सोय नाही" म्हणाली तर भांडायच्या आधी लेखी मागा. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा ह्या सरकारी शालेय योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांना जाऊन भेटा, बऱ्याच पालकांना ते आहेत हेच माहीत नसतं, आणि अडचण जास्त असल्यामुळे मूल शाळेत जाऊ शकत नसेल तर घरी येऊन शिकवण्याचीपण त्यात सोय आहे.

जूनच्या आधी बाईंना एक पान लिहून द्या, रिपोर्टची झेरॉक्स नको: त्याला काय आवडतं, कशाने घाबरतो, लघवीला जायचं असेल तर काय खूण करतो, बिथरला तर काय केलं की शांत होतो. पन्नास मुलांच्या वर्गात बाईंना एवढंच वाचायला वेळ असतो.

आणि चार घरं शोधा

ट्रेनिंग संपतं, मूल बदलत राहतं, म्हणून ग्रुप लागतो. थेरपी सेंटरच्या बाकावर जे बसलेले असतात तिथूनच सुरू करा. सुरुवातीला आम्ही पाच आया होतो, महिन्याचा दुसरा रविवार, देवळाचा हॉल, चार ते सहा. मुलांना घेऊनच या असं सांगितलं, नाहीतर कुणाला येता येत नाही, आणि कुणाचं मूल ओरडलं तर कुणी मान वळवत नाही हीच काहींना पहिल्यांदा मिळालेली गोष्ट असते. नियम तीन ठेवले. कुणाच्या मुलाची कुणाशी तुलना नाही. औषधं, पावडरी, बाबा-बुवा सुचवायचे नाहीत. आणि प्रत्येकाने वहीतलं एक पान आणायचं, एक जमलेलं किंवा एक अडलेलं. अडलेल्यावर बाकीचे आधी प्रश्न विचारतात, सल्ला नंतर. बाबा यावेत म्हणून एक मीटिंग मुद्दाम बँक आणि कागदपत्रांवर ठेवली, निरामय ह्या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून १ लाखापर्यंतचा खर्च कसा मिळतो, मूल १८ चं झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज कसा करायचा. सात बाबा आले, आणि त्यातले दोघे त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या मुलाबद्दल चारचौघांत बोलले.

भावंडांना विसरू नका, माझ्या मुलीने नववीत असताना मला विचारलं होतं की तुम्ही नसाल तेव्हा हे सगळं मीच करायचं का, आणि माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आमच्या ग्रुपमध्ये वर्षातून दोनदा फक्त भावंडं भेटतात, आईबाबा बाहेर, दार बंद.

तुमच्या झोपेचंपण लिहून ठेवा, त्याच वहीत मागच्या पानावर. सलग तीन रात्री चार तासांच्या खाली गेलं तर नवं काही शिकवायचं नाही, जे जमतंय तेवढंच चालू ठेवायचं आणि ग्रुपमधल्या कुणालातरी फोन करून सांगायचं की रविवारी दोन तास ह्याला तुझ्याकडे ठेव. मी पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा समोरून लगेच आलं, "आण ना, आमच्याकडे मटार सोलायचेच आहेत."